आधी वजन, मग आकार, रंग शेवटी: इंदूरभोवतीच्या पाण्यासाठी सॉफ्ट प्लास्टिक

सॉफ्ट प्लास्टिकची, म्हणजे गळाला लावायच्या मऊ प्लास्टिकच्या खोट्या आमिषांची (ल्युअरची) पाकिटं चाळताना हात आधी रंगाकडे जातो. साहजिक आहे, दुकानात काय किंवा मोबाइलवर काय, डोळ्यांत भरतो तो रंगच. पाण्यात मात्र ल्युअर किती खोल गेलं, तिथे किती वेळ राहिलं आणि माशाला त्याची चाहूल लागली का, हे आधी ठरतं. रंगाची पाळी त्यानंतर येते. शिवाय ऑनलाइन फिरणारे रंगांचे तक्ते बहुतेक अमेरिकेतल्या बास माशासाठी आणि तिथल्या तळ्यांसाठी केलेले असतात. आपल्याकडे वर माळव्याची काळी माती, घाट उतरलं की नर्मदा. दोन्हीकडचं पाणी वर्षातून तीन-चारदा तोंडवळा बदलतं. एकच तक्ता दोन्हीकडे चालवायला गेलं की पाकिटं वाढतात, मासे वाढत नाहीत.

थोडं कायद्याचं आधीच सांगून टाकतो. मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट हा मासेमारी बंदीचा काळ आहे. बाकीच्या दिवसांतही बहुतेक तलाव आणि धरणं ठेकेदाराकडे किंवा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतात, तेव्हा काठावर विचारल्याशिवाय रॉड उघडू नये. इंदूरचे यशवंत सागर आणि सिरपूर तलाव २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेले. ते पाणी पक्ष्यांसाठी सोडलेलं बरं, तिथे दुर्बीण घेऊन जावं.

पाणी डोळ्यांनी नाही, पट्टीने बघा

‘आज पाणी जरा गढूळ आहे’ या वाक्यावरून काहीच ठरवता येत नाही. रॉडच्या टोकापासून २५, ५० आणि १०० सेंटिमीटरवर पक्क्या रंगाच्या खुणा करून ठेवा. पोहोचल्यावर पांढरं तीन इंची ल्युअर टोकाशी घट्ट ओढून घ्या आणि रॉड सरळ पाण्यात उतरवा. पांढरं दिसेनासं झालं की पाणी कोणत्या खुणेपर्यंत आलं ते बघा. आपल्या सावलीच्या बाजूला उभं राहून बघा, नाहीतर पृष्ठभागाची चमक फसवते. पोलराइज्ड गॉगल घालून मोजत असाल तर दर वेळी तो घालूनच मोजा.

पंचवीसच्या आत दिसेनासं झालं तर पाणी गढूळ. पंचवीस ते शंभरमध्ये धूसर, आणि मीटरभर उतरूनही दिसत राहिलं तर नितळ. एवढ्या तीन कप्प्यांवर काम भागतं. त्यातल्या धूसर पाण्यात फारसा विचार करावा लागत नाही, तिथे बहुतेक गोष्टी चालून जातात.

गढूळपणा कशामुळे आहे तेही बघा. तपकिरी असेल तर माती, हिरवट असेल तर शेवाळ. काळ्या मातीतली चिकणमाती इतकी बारीक असते की ती पाण्यात आठवडेच्या आठवडे तरंगत राहते. त्यामुळे माळव्यातले तलाव पाऊस थांबल्यावरही लवकर निवळत नाहीत. नर्मदेचं तसं नाही. इंदिरा सागर आणि ओंकारेश्वरच्या जलाशयांत बराच गाळ मागेच बसतो, आणि मंडलेश्वर-महेश्वरकडे पात्रात खडक जास्त. एकाच रविवारी चोरलच्या बाजूला पाणी गढूळ आणि खाली नर्मदेत नितळ, असं सप्टेंबरअखेरीला अगदी सहज दिसतं. घरून निघताना एकच डबा भरून चालत नाही तो यामुळेच.

वजन

सात फुटी मध्यम रॉड, २५०० ची रील, १५ ते २० पौंडी ब्रेड (विणलेली दोरी) आणि पुढे हातभर २० पौंडी फ्लुरोकार्बन लीडर (हुकाजवळचा वेगळ्या दोरीचा तुकडा) असं सामान धरू. त्यावर साडेतीन, पाच, सात आणि दहा ग्रॅम ही चार जिगहेड (वजनाचं डोकं असलेले हुक) बहुतेक पाण्याला पुरतात. वाहत्या नर्मदेसाठी चौदा ग्रॅमची दोन-तीन वेगळी ठेवा.

निवडायचा नियम सोपा आहे: ज्या सगळ्यात हलक्या वजनाने तळ कळतो, ते वजन त्या जागेचं. त्याहून जड घेतलं तर ल्युअर धाडकन खाली जातं. मरळ असो की शिंगाळा, तो झडप घालतो ती बहुतेकदा ल्युअर खाली येत असताना, म्हणजे तोच वेळ तुम्ही कापून टाकता. त्याहून हलकं घेतलं तर ल्युअर कुठे आहे तेच कळत नाही. दोरी वाऱ्यावर कमान धरते आणि मासा तोंडात घेऊन थुंकून गेला तरी हाताला पत्ता लागत नाही.

तळ मोजायची रीत अशी. ल्युअर पाण्यावर पडलं की रीलची बेल (दोरी अडवणारी तारेची कमान) उघडी ठेवायची, दोरी मोकळी सुटू द्यायची आणि ‘एक हजार एक, एक हजार दोन’ असं मनात मोजायचं. दोरी सुटायची थांबून ढिली पडली की तळ आला. तीन इंची पॅडलटेल (चकतीसारख्या शेपटीचं ल्युअर) आणि साडेतीन ग्रॅमचं डोकं ढिल्या दोरीवर साधारण तीन-चार सेकंदांत मीटरभर उतरतं, सात ग्रॅमचं त्याहून लवकर. हे आकडे प्रमाण मानू नका. जाड दोरी, चपटं अंग, फडफडणारी शेपटी, सगळं उतरणं हळू करतं. खोली माहीत असलेल्या एका घाटावर आपल्या डब्यातली प्रत्येक जोडी एकदा मोजून घ्या आणि पाकिटावर आकडा लिहून ठेवा.

एकदा आकडा कळला की खोली धरता येते. तळ बारा आकड्यांवर असेल आणि मासे मधल्या थरात असतील तर सहा-सातवर बेल मिटून गुंडाळायला लागा. टिप (माशाचा चावा) कुठल्या आकड्यावर मिळाली ते लक्षात ठेवा, पुढची फेक तिथेच थांबवा. रंग बदलण्याआधी थर बदलायचा. पाच-सहा फेका वेगवेगळ्या आकड्यांवर रिकाम्या गेल्या, तरच डबा उघडा.

वाहत्या पाण्यात हिशेब वेगळा. तिथे ल्युअर तळाला टेकत टेकत प्रवाहाबरोबर सरकायला हवं. टेकून बसलं तर जड, टेकलंच नाही तर हलकं. फेक प्रवाहाच्या वरच्या बाजूला तिरकी टाका, दोरीचा ढिलेपणा तेवढाच उचलत राहा. दोरी समोरून पार होऊन खालच्या बाजूला ताणली गेली की ल्युअर वर उचललं जातं, म्हणजे ती फेक संपली. ओढत बसण्यात अर्थ नाही.

नर्मदेवर एक सावधगिरी. वरच्या धरणांतून वीजनिर्मितीसाठी पाणी सोडलं की पातळी बघता बघता चढते. २००५ च्या एप्रिलमध्ये धाराजीला अशाच अचानक आलेल्या पाण्यात कित्येक भाविक वाहून गेले होते. पात्रातल्या खडकावर उभं राहायचं तर परतीची वाट कोरडी आहे ना ते दर थोड्या वेळाने बघा. भोंगा वाजला की फेक अर्धी टाकून निघा. मगरीही आहेत, तेव्हा कमरेएवढ्या पाण्यात उतरून फेकायची हौस नको.

गढूळ पाणी: ऑगस्टचा शेवट, सप्टेंबर

बंदी उठते तेव्हा माळव्यातलं पाणी दुधाळ चहासारखं असतं. मासा वीस सेंटिमीटरपलीकडचं बघू शकत नाही. मग तो दोन गोष्टींवर विसंबतो: अंगावरची पार्श्वरेषा आणि वास. पार्श्वरेषेला पाण्यातली हालचाल कळते, तीही जवळची, साधारण आपल्या अंगाच्या लांबीच्या एक-दोन पट अंतरातली. म्हणून इथे ल्युअर माशाच्या तोंडाजवळून जायला हवं, हळू जायला हवं, आणि जाताना पाणी हलवायला हवं.

चार ते पाच इंची, जाड अंगाचं, मोठ्या चकतीच्या शेपटीचं पॅडलटेल याला उत्तम. कर्लटेल ग्रब चालतो, पण त्याची पातळ शेपटी पाणी कमी ढकलते. सरळ काठीसारखे वर्म या पाण्यात माशाला कळतच नाहीत, ते घरी ठेवा. वजन तळ कळेल तेवढं हलकंच ठेवा, जाड अंग तसंही सावकाश उतरतं. रील दोन फेरे, क्षणभर थांबा, पुन्हा दोन फेरे. थांबताना दोरी अगदी ढिली सोडायची नाही, नाहीतर टिप कळत नाही.

रंगाबद्दल इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. गढूळ पाण्यात झगझगीत रंग लावायचा असं सरसकट सांगितलं जातं. तपकिरी पाण्यात निळा आणि जांभळा प्रकाश आधी संपतो, नारिंगी-लाल त्यामानाने जास्त आत जातो. म्हणून मातीने गढूळलेल्या पाण्यात नारिंगी किंवा पिवळट हिरवा दिसतो, आणि ‘इलेक्ट्रिक ब्लू’ नावाचं महागडं पाकीट काळपट राखाडी दिसतं. तरी पहिली निवड काळ्याचीच. मासा खालून वर बघतो तेव्हा गढूळ पाण्यातही आभाळाकडची बाजू उजळ असते, आणि त्या उजेडावर काळ्या अंगाची कड सर्वांत ठसठशीत उमटते. काळं अंग आणि नारिंगी किंवा पिवळी शेपटी हे माळव्याच्या सप्टेंबरचं ल्युअर. पारदर्शक, चमकीचे दाणे घातलेले रंग इथे पैसे वाया घालवणारे. चमकी चमकायला ऊन लागतं, आणि ते आत पोहोचतच नाही.

जागाही निवडा. ओढा तलावाला मिळतो तिथे गढूळ आणि जरा निवळ पाण्याची सीमारेषा दिसते. ल्युअर गढूळ बाजूला टाकून निवळ बाजूला आणा. शिकारी मासा रेषेवर थांबतो, बारकी मासळी गढूळाच्या आडून बाहेर येते. या पाण्यात काठापासून दोन-तीन मीटरच्या आतच बरंच काही घडतं, लांब फेक टाकायची हौस इथे महाग पडते.

या दिवसांत मरळीची पिल्लं पृष्ठभागावर लालसर पुंजक्याने फिरताना दिसली तर तिथे ल्युअर टाकू नका. खाली आई-बाप राखण करत असतात आणि ते भुकेने नाही, रागाने चावतात. ते उचलले की अख्खा पुंजका गेला. सोपी शिकार आहे हे खरं, म्हणूनच ती करू नये.

नितळ पाणी

ऑक्टोबरच्या मध्यापासून नर्मदेत आणि थोडं मागाहून वरच्या तलावांत चित्र उलटतं. आता मासा लांबून बघतो आणि बघून नाकारतोही. अंग बारीक करा: अडीच ते साडेतीन इंच. शेपटी लहान. रंग पाण्यातल्या खऱ्या मासळीचा, म्हणजे पाठ हिरवट-तपकिरी, पोट चंदेरी किंवा अर्धपारदर्शक. खडकाळ तळावर खरपा या तळाशी राहणाऱ्या माशासारखा ठिपकेदार तपकिरी. गवताच्या कडेला झिंग्याच्या आकाराचं, धुरकट हिरवं. नितळ पाण्यात लाल रंग आधी विरतो. चार-पाच मीटरवर लाल ल्युअर काळपट दिसतं, म्हणजे खोलात लालसाठी जास्तीचे पैसे देण्यात काही हशील नाही.

लीडर लांब करा, दीड मीटरपर्यंत, आणि १२ ते १५ पौंडी घ्या. गाठ मात्र रोज नवी. खडकावर घासलेला पहिला वीतभर तुकडा बोटांत फिरवून बघा, खरखर लागली की कापा.

इथे पॅडलटेल सरळ गुंडाळत आणणं हा सर्वांत कमी फळ देणारा प्रकार. जर्कशॅड, म्हणजे फाटक्या शेपटीचं सरळ अंग, याला रॉडच्या टोकाने दोन छोटे झटके देऊन सोडून द्यायचं. ते डावी-उजवीकडे सरकतं आणि मग जखमी मासळीसारखं तिरकं बसत जातं. टिप बसतानाच येते. झटका देताना दोरी ढिली असली पाहिजे. ताणलेल्या दोरीवर झटका दिला की ल्युअर नुसतं पुढे उडी मारतं.

नर्मदेत खडस, म्हणजेच महसीर, तिकडच्या भाषेत बाडस, अजून कुठे कुठे आहे. महसीर २०११ पासून मध्य प्रदेशचा राज्य मासा आहे आणि धरणांनंतर नर्मदेत तिची संख्या फार घटली आहे. ती सॉफ्ट प्लास्टिक घेते, म्हणून ती लागेल असं धरूनच सामान लावा: एकेरी हुक, काटा पक्कडने दाबून सपाट केलेला, तार जाड. पातळ तारेचा हुक ती सरळ करून जाते आणि तोंडही फाटतं. लागली तर पाण्यातच ठेवून हुक काढा आणि प्रवाहाकडे तोंड करून सोडा.

थंडी

डिसेंबर-जानेवारीत इंदुरात रात्री पारा दहाच्या खाली जातो आणि उथळ तलाव चांगलेच थंडावतात. माशाचं शरीर पाण्याच्या तापमानावर चालतं, भूक मंदावते, पाठलाग बंद होतो. अडीच इंची, साडेतीन ग्रॅम, तळालगत, जितकं हळू जमेल त्याच्या निम्म्याने. भल्या पहाटे कुडकुडत जायची गरज नाही. दुपारी बारा ते चार, पश्चिमेचं ऊन खाणारा खडकाळ काठ.

यात प्लास्टिकची एक गोम आहे. ही ल्युअर पीव्हीसी आणि त्यात मिसळलेल्या मऊ करणाऱ्या तेलाची बनतात, आणि थंड पाण्यात ती कडक होतात. मे महिन्यात झकास वळवळणारी जाड शेपटी जानेवारीत लाकडासारखी सरकते. काठाजवळ मीटरभर ओढून बघा. हळू वेगात शेपटी हलत नसेल तर शेपटीचं मनगट, म्हणजे चकतीच्या आधीचा बारीक भाग, जिथे पातळ असेल असं दुसरं अंग लावा. धारदार ब्लेडने मनगट जरा तासूनही भागतं, मात्र दोन्ही बाजूंनी सारखं तासा, नाहीतर ल्युअर गोल फिरायला लागतं.

मावठ्याचे ढगाळ दिवस याला अपवाद. त्या दिवशी गारठा असूनही मासा उथळात येतो, तेव्हा एक मोठं, गडद अंग जवळ ठेवा.

ऊन, वारा, ढग

एप्रिल-मेमध्ये सगळं प्राणवायूवर येतं. समुद्रसपाटीला १५ अंशांच्या एक लिटर पाण्यात साधारण १० मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांच्या पाण्यात साडेसात. माळवा साडेपाचशे मीटर उंच, म्हणजे त्याहूनही जरा कमी. त्यात साचलेल्या पाण्याचे थर होतात आणि तळाचा थर गुदमरतो. म्हणून उन्हाळ्यात ‘खोल पाणी गार असतं, मासे तिथेच’ हे गणित चुकतं. तळाला लावलेलं दहा ग्रॅम रिकामंच परत येतं. मधला थर धरा, किंवा पाणी हलतं ती जागा: बंधाऱ्याखालचा फेस, नर्मदेतली खळाळती धार, वारा आदळणारा काठ. मरळ याला अपवाद, ती पृष्ठभागावर येऊन हवा घेते. तलावाचा कोपरा उकळल्यासारखा तापलेला असतानाही ती जलपर्णीच्या सावलीत असते.

माळव्यातला मे-जूनचा पश्चिमेचा वारा सगळ्यांना ठाऊक आहे. बहुतेक जण पाठीवर वारा घेऊन फेकतात कारण फेक लांब जाते. मासे समोरच्या काठाला असतात, जिकडे वाऱ्याने सूक्ष्म जीव आणि त्यामागे बारकी मासळी ढकलली जाते. वाऱ्याकडे तोंड करून उभं राहा आणि वजन एक पायरी वाढवा. चपट्या, मोठ्या चकतीच्या अंगाऐवजी सडपातळ घ्या, ते हवेत गिरक्या घेत नाही. फेक खालून, पाण्यालगत. पडायच्या क्षणी बोटाने दोरी रोखायची, म्हणजे सैल वेटोळी सुटत नाहीत. मग रॉडचं टोक पाण्याजवळ ठेवा.

हवेच्या दाबाबद्दल बरंच बोललं जातं. दाब पाच हेक्टोपास्कलने उतरला तर माशाच्या दृष्टीने तो पाच सेंटिमीटर वर सरकल्याइतका फरक आहे, आणि एवढा तो दिवसभरात शेकडो वेळा वर-खाली होतो. वळीव यायच्या आधी मासे खातात याचं श्रेय ढगांना आणि वाऱ्याला द्यावं. उजेड उतरतो, पृष्ठभाग चुरगळतो आणि दबा धरणाऱ्याला आड मिळते. म्हणून दाबाच्या ॲपपेक्षा आभाळ बघा. ढग दाटले की एक आकार मोठा, एक छटा गडद, वरचा थर. ऊन पडलं की लहान, फिकं, खोल किंवा सावलीत. वीज दिसली की कार्बनचा रॉड खाली ठेवून निघायचं, ती शेवटची फेक टाकायची नाही.

अंधार पडताना शिवडा, म्हणजे नर्मदेकाठचा पढिन, काठाकडे येतो. पाच इंची काळं पॅडलटेल, दहा ग्रॅम, ५/० चा जाड हुक, ४० पौंडी लीडर. त्याचे दात बारीक पण दाट असतात, एका माशानंतर लीडरचं पुढचं टोक कापून नवी गाठ घाला.

जलपर्णी, शिंगाडा, बुडालेल्या बाभळी

उघड्या हुकाचं जिगहेड इथे टाकणं म्हणजे वर्गणी देणं. शिंगाड्याच्या वेलांमधल्या मोकळ्या खिडक्यांसाठी पाच इंची मीठ भरलेला स्टिकवर्म घ्या, ४/० च्या ऑफसेट (टोक प्लास्टिकमध्ये लपवता येतं अशा) हुकावर, वजनाशिवाय. मिठामुळे तो स्वतःच नऊ-दहा ग्रॅम भरतो, फेकता येतो, आणि आडवा डोलत उतरतो. मीठ भरलेलं प्लास्टिक लवकर फाटतं, एक वर्म दोन-तीन माशांपुरता धरा.

पूर्ण झाकलेल्या पाण्यावर पोकळ अंगाचा बेडूक. घेतानाच अंगठ्याने दाबून बघा: अंग सहज चेपून दोन्ही हुक वर यायला हवेत. कडक असेल तर मरळ तोंडात घेईल आणि तसाच सोडेल. हुकांची टोकं पक्कडने किंचित बाहेर वळवा, फार वळवली तर गवत धरतात. आत पाणी शिरलं की बेडूक मागून बसतो, अधूनमधून दाबून पाणी काढा. पाय डाव्या-उजव्या बाजूला सारखे कापलेले असतील तर सरळ येतो. एक पाय बोटभर आखूड केला तर नागमोडी चालतो. इथे ब्रेड ४० ते ५० पौंडी आणि रॉड कडक, कारण मासा वेलांसकट ओढायचा असतो.

मरळीने वर येऊन पाणी फोडलं की हात लगेच ओढायला जातो. थांबा. दोरी सरकताना दिसू द्या, मग रॉड खाली करून ढिलेपणा गुंडाळा आणि जोरात उचला. फसलेल्या बहुतेक टिपा घाईच्याच असतात.

बुडालेल्या बाभळींत, बडवानीकडच्या सरदार सरोवराच्या फुगवट्यात असतात तशा, टेक्सास रिग. गोळीसारखं पाच ग्रॅमचं वजन, मागे ३/० ऑफसेट हुक, चार इंची अंग. अडकलं तर ओढू नका. दोरी सैल करून टोक हलवा, वजन मागे घरंगळून हुक सुटतो.

हुक लावताना

ल्युअर गोल फिरतं, दोरीला पीळ पडतो, ही तक्रार नव्वद टक्के लावण्याची असते. जिगहेड अंगाच्या शेजारी धरा, हुकाचा बाक जिथे येतो तिथे नखाने खूण करा. टोक नाकाच्या बरोबर मध्यातून घाला, अंग हुकावर चढवत न्या आणि खुणेवर पाठीच्या मधल्या शिवणीतून बाहेर काढा. अंग ताणलेलं किंवा गोळा झालेलं नको. एकदा सरळ बसलं की थोडं मागे ओढून डोक्याच्या मानेवर सुपरग्लूचा एक थेंब आणि पुन्हा पुढे. वाकडं बसलं तर पुन्हा काढून लावा, ‘चालेल’ म्हणू नका.

ऑफसेट हुकाला टोक नाकातून अर्धा सेंटिमीटर आत आणि हनुवटीतून बाहेर. अंग वर सरकवून हुक फिरवा, बाक जिथे टेकतो तिथे पोटातून सरळ आरपार, आणि टोक पाठीच्या कातडीत नुसतं टेकवून लपवा. हुकाच्या बाकाची मोकळी जागा अंगाच्या जाडीच्या निदान दीडपट हवी. नाहीतर झटका दिल्यावर प्लास्टिक गोळा होऊन बाकात बसतं आणि टोक माशापर्यंत जातच नाही. तीन इंची अंगाला १/० किंवा २/०, चार इंचीला ३/०, पाच इंचीला ४/० ते ५/०. जाड पोटाचं असेल तर एक नंबर वर.

नुसती शेपटी तुटून येत असेल तर बहुधा तिलापिया किंवा बारकी मरळ आहे. रंग बदलून उपयोग नाही. पुढचं अंग सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर कापा, म्हणजे हुक शेपटीजवळ जातो.

मे महिन्यातली गाडी

बंद गाडीच्या डिकीत ठेवलेली पाकिटं हा इंदुरातला सर्वांत मोठा खर्च. शेपट्या वाकतात आणि तशाच बसतात, तेल सुटतं, काळ्याचा रंग पांढऱ्याला लागतो तो कायमचा. वाकलेली शेपटी सरळ करता येते: पाणी उकळून गॅस बंद करा, चिमट्याने धरून दहा-पंधरा सेकंद बुडवा, सरळ टांगून गार पाण्यात धरा. फाटलेला तुकडा गरम सुरीच्या पात्याला दोन्ही बाजू टेकवून जोडता येतो. धूर नाकात जाऊ देऊ नका, हे खिडकी उघडून करा.

ल्युअर मूळ पाकिटातच ठेवा. साध्या कडक पारदर्शक डब्यात ती डब्याचा तळ वितळवून चिकटतात, रंगवलेल्या कडक ल्युअरचा रंगही खातात. इलाझटेकसारखी टीपीई जातीची ताणली जाणारी, तरंगणारी ल्युअर तर पूर्ण वेगळी ठेवा. साध्या प्लास्टिकशेजारी ठेवली की दोन्ही मिळून एक चिकट गोळा होतो. टीपीईला साधा सुपरग्लूही नीट धरत नाही, त्यासाठी मानेवर काटे असलेली जिगहेड घ्या. त्यांचा फायदा तळाला कळतो: डोकं खाली, शेपटी वर उभी राहून डोलते, झिंगा दाखवायला याहून चांगलं काही नाही.

फाटलेले तुकडे पाण्यात टाकू नका. मासे ते गिळतात आणि पोटात ते तसेच पडून राहतात. खिशात एक रिकामं पाकीट ठेवा, त्यात भरा आणि घरी कचऱ्यात टाका.